सोन्यावरची लेकुरवाळी

फिलेरोसच्या हाताला यश होतं, हे त्याच्यावर जळणारेही कबूल करायचे. आमच्या सीलियन टेकडीवरच्या टाकसाळीत ठसे कोरणारे काय थोडे होते? पण सोन्याचा ठसा म्हटला की मुकादमाचं बोट त्याच्याकडेच वळायचं. तांब्याच्या नाण्यावर कुणी कसंही कोरावं, कोळणीच्या ओल्या हातांतून चार बाजार फिरलं की ते गुळगुळीत होतं. सोन्याचं तसं नाही. सोनं सरदारांच्या पेट्यांत जातं, त्यांच्या बायका ते साखळीत ओवून गळ्यात घालतात आणि दुपारी काही काम नसलं की डोळ्यांशी धरून बघत बसतात. देवीचं नाक वाकडं कोरलंत तर ते तुमच्या नातवंडांपर्यंत वाकडंच राहील.

आणि देव्या तरी किती! चेहऱ्यावरून एकही ओळखू येत नाही, हातात काय आहे ते बघायचं. फळांनी भरलेलं शिंग असेल तर भरभराट, तराजू असेल तर सचोटी, जहाजाचं सुकाणू असेल तर नशीब. हातातली वस्तू काढून घ्या, सगळ्या एका आईच्या लेकी. फिलेरोसच्या देव्या तर जरा जास्तच सारख्या दिसायच्या, कारण त्या सगळ्यांना खांदे एकाच बाईचे होते. त्याच्या बायकोचे.

थालुसा तिचं नाव. दोघं एकाच धन्याच्या घरात गुलाम म्हणून वाढलेली, एकाच हंड्यातली मसूर खाल्लेली. पुढं मोकळीक मिळाली, संसार मांडला, तरी अरे-तुरे काही सुटलं नाही. सुरुवातीच्या वर्षांत ती त्याच्यासाठी खिडकीपाशी उभी राहायची, तराजूऐवजी हातात डाव, शिंगाऐवजी काखेत पिठाची पिशवी, आणि म्हणायची, "लवकर आटप रे बाबा, देवीची चूल विझायला आली." मग एके दिवशी ती उभी राहायची बंद झाली. त्यानं कारण विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पुढची चौदा वर्षं तो ते खांदे आठवणीतूनच कोरत आला.

त्या वसंतात राजवाड्यात पाळणा हलला. राणीसाहेबांना आणखी एक मूल झालं, आणि वरून हुकूम आला की सोन्यावर लेकुरवाळी हवी. एका बाजूला राणीसाहेबांचा चेहरा, दुसऱ्या बाजूला उभी बाई, तिच्या झग्याला धरून दोन मुली आणि कडेवर तान्हं बाळ. भोवती अक्षरं. बघणाऱ्यानं काय समजायचं ते उघड होतं. राजाचा वंश वाढतोय, तेव्हा राज्य टिकेल, धान्य वेळेवर येईल, तुम्हीही लेकरं जन्माला घाला आणि सुखानं नांदा.

टाकसाळीचा मुकादम होता अँफियो. मोठ्या पोटाचा, त्याहून मोठ्या आवाजाचा. मनानं दुष्ट नव्हे, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. एके काळी तोही फिलेरोसच्या शेजारी बसून ठसेच कोरायचा. हाताला काही येईना म्हणून मुकादम झाला, असं लोक त्याच्या पाठीमागं म्हणायचे. फिलेरोसनं ठसा कोरला, मेणात दाबला आणि ते मेण त्याच्यापुढं ठेवलं. अँफियोनं ते उजेडात धरलं आणि ओठ पुढं काढले.

"बाई झकास. मुली झकास. पण हे कडेवर काय घेतलंय हिनं? पाव?"

"मूल आहे."

"मूल असं धरतात? दुकानात मांडायचं मडकं धरलंय हिनं. अरे, तू दोन लेकींचा बाप ना? तान्हं पोर कधी बघितलंच नाहीस का?"

आजूबाजूचे हसले. फिलेरोसही हसला, पण कानांच्या पाळ्या तापल्या. त्यानं दुसरा ठसा कोरला, त्यातही मडकंच. तिसऱ्यात तर मूल आत्ता हातातून निसटेल असं वाटत होतं. केसांच्या लाटा जमत होत्या, झग्याच्या चुण्या जमत होत्या, मुलींची बोटंसुद्धा जमली. बाईचा हात आणि तान्ह्याची मान यांचीच गाठ काही पडेना. अँफियोनं बजावलं, बाळाच्या सोहळ्यात हे सोनं वाटायचं आहे, चार-आठ दिवसांत ठसा दिला नाहीस तर काम दुसऱ्याकडे जाईल.

हे का जमत नाही, ते फिलेरोसला पक्कं ठाऊक होतं.

थालुसाला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा त्याला मोकळं होऊन काही वर्षं झाली होती. दोन मुली होत्याच. या खेपेला मुलगा, असं तो टाकसाळभर सांगत सुटला. कळा सुरू झाल्या तशी त्यानं माणसं बोलावली, दाराला हिरव्या डहाळ्यांची माळ लावली, अंजिरं आणली, द्राक्षाची दारू आणली. सुईण बाहेर आली आणि रीतीप्रमाणे तिनं मूल बापाच्या पायाशी जमिनीवर ठेवलं. बापानं वाकून उचललं की मूल घरचं झालं. नाही उचललं तर नाही. मुलगी होती.

तो उचलणार होता. पुढं कितीतरी वर्षं तो स्वतःला हेच सांगत आला, की मी उचलणारच होतो. पण तो वाकायच्या आत पाठीमागून अँफियो म्हणाला, "फिलेरोस, लेका, ठसा बदल आता. किती वेळा तीच छाप पाडशील?" सगळे खो खो हसले. फिलेरोसही हसला. हसता हसता त्याचे हात पाठीमागं गेले, आणि चार लोकांसमोर ते पुन्हा पुढं आणायची त्याला लाज वाटली. बस, इतकंच झालं. घरात खायला नव्हतं असं नाही. मूल अधू होतं असं नाही. कुणी गरिबानं पोटापायी टाकलं असतं तर माणसानं समजून घेतलं असतं. यानं एका टवाळीपायी टाकलं. सुईण जरा वेळ थांबली, मग तिनं टोपली मागितली. आतल्या खोलीतून थालुसानं विचारलं, "उचललं का त्यानं?"

थोरल्या दोघी यथावकाश लग्न होऊन गेल्या. घरात दोघंच उरली, आणि जेवताना चमच्यांचा आवाज तेवढा व्हायचा.

तर आता समोर ठेवून कोरायला एक जिवंत मूल हवं होतं. तळमजल्यावर परटाची बायको प्रिमिल्ला राहायची, तिच्या मांडीवर तीन महिन्यांचा मुलगा होता. फिलेरोस मधाच्या वड्या घेऊन तिच्याकडे गेला.

"घटकाभर बाळाला थालुसाकडे दे. मी बघून कोरतो. तुझं पोर सोन्यावर जाईल बघ."

प्रिमिल्लानं वडी उचलायला पुढं केलेला हात मागं घेतला. "आणि काका, त्या तुमच्या ठशावर घण कुठून पडतो?"

"वरून."

"किती वेळा?"

फिलेरोसनं वड्या आणखी पुढं सरकवल्या. ठसा तडकेपर्यंत घण पडतच राहतो.

"म्हणजे माझ्या लेकराच्या टाळूवर तुम्ही दिवसभर घण घालणार. वड्या घेऊन जा काका. आणि पुन्हा माझ्या बाळाकडे असे निरखून बघू नका."

कोपऱ्यावरच्या भटारणीनंही तेच सांगितलं, आणि पाणवठ्याजवळच्या सुताराच्या सुनेनं तर ऐकताक्षणी दार लावलं. आमच्या टेकडीवर शेंबड्या पोरालाही हे ठाऊक की ज्याची छबी ठशात जाते त्याच्यावर घणाचा घाव बसतो. मोठ्या माणसाचं काही बिघडत नाही, राजाचं तर नाहीच नाही. पण तान्ह्याची टाळू भरलेली नसते. कुठली आई तयार होईल?

ही बातमी अर्थातच फिलेरोसच्या आधी जिना चढून वर पोचली. तो घरी आला तेव्हा थालुसा लसूण आणि चीज खलात वाटत होती.

"मूल मिळत नाही म्हणे तुला."

"बघतो. आठवणीतून काढतो काहीतरी."

"कुणाच्या आठवणीतून?" तिनं मान वर केली नाही. बत्ता तसाच फिरत राहिला. "ज्याच्या टाळूवर घण पडला तरी कुणाचं काही जात नाही, असं मूल कुठं मिळतं ते मला ठाऊक आहे. उद्या आणते."

फिलेरोसनं तोडून घेतलेला पावाचा तुकडा पुन्हा ताटात ठेवला. तिनं त्याच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला.

नदीकाठच्या भाजीबाजारात एक खांब आहे, त्याला दुधाचा खांब म्हणतात. पोटापाण्यासाठी दुसऱ्यांची मुलं पाजणाऱ्या दाया तिथं गिऱ्हाइकाची वाट बघत बसतात. आणि ज्यांना मूल नको असतं तेही तिथंच येतात, पहाटे, तोंड झाकून. दूध जवळ असलं म्हणजे मूल जगेल, असं मनाचं समाधान करून घेतात. थालुसा सकाळी गेली आणि दुपारच्या आत परत आली. टोपलीत नेहमीचा कोबी नव्हता. चिंध्यांत गुंडाळलेली, लाल तोंडाची, मुठी आवळलेली एक मुलगी होती.

"ठसा होईपर्यंत ही इथं राहील," थालुसा म्हणाली. "प्रिमिल्ला पाजायला तयार आहे, बडबडत का होईना. काम झालं की तू मला सांगायचं, हिला ठेवायची की खांबापाशी परत न्यायची. आणि आत्ताच ऐकून ठेव. लोक असली मुलं नेतात ती पुढं राबवायला. मोलकरीण म्हणून मी हिला ठेवणार नाही. लेक म्हणून ठेवणार असशील तर ठेव."

त्या क्षणी हो म्हणायला त्याचं काय जात होतं? पण जन्मभर ज्यानं वेळ मारून नेली, तो एका दिवसात कसा सुधारणार?

"आधी ठसा तर होऊ दे," तो म्हणाला.

थालुसानं फक्त मान हलवली. मग तिनं मुलीला कडेवर घेतलं आणि ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांनी. खांदे आता जरा पुढं झुकले होते, केस पांढरे झाले होते. फिलेरोसनं मेणाची पाटी घेतली आणि मान खाली घालून रेघा ओढायला लागला.

पहिल्याच दिवशी त्याला आपली चूक दिसली. त्याच्या ठशातली बाई मूल लोकांना दाखवायला धरत होती, तोंड बाहेर, हात खाली. थालुसानं तसं धरलं नव्हतं. एका हाताची बोटं पसरून तिनं मुलीच्या मानेमागं ठेवली होती, कंबर एका बाजूला काढून तिच्यावर सगळा भार घेतला होता, आणि मुलीचं तोंड तिच्या गळ्यात शिरलं होतं. बघणाऱ्याला दिसत होती ती मुलीची पाठ आणि खांद्यावरची चुणी घट्ट धरलेली एक मूठ. ती मूठ कोरली की झालं, बाकी काही लागत नव्हतं.

"सुरेख धरतेस," तो न राहवून बोलून गेला, आणि बोलल्याबरोबर त्याला जीभ चावावीशी वाटली.

"दोन वाढवल्यात."

मग ती मुलीच्या डोक्यावरूनच बोलू लागली, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात.

"मी दुसऱ्या दिवशी गेले होते. अंगात ताप होता, भिंती धरत धरत गेले. टोपली होती खांबापाशी. आपलीच, तिचा एक कान तुटका होता. आत कुणी नव्हतं. तिथल्या दाया म्हणाल्या, कुणीतरी नेली. कुणी म्हणालं बाई होती, कुणी म्हणालं बाप्या होता."

फिलेरोसच्या हातातली लेखणी मेणात रुतली.

"तू मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं होतंस?" ती म्हणाली. "टेकडीखाली बाजार असताना मी भाजीला नदीपर्यंत का जाते, तेही तू कधी विचारलं नाहीस. तिच्या वयाच्या मुली बघते मी. आधी रांगणाऱ्या बघायचे, मग चालणाऱ्या. आता डोक्यावर हंडे घेऊन जाणाऱ्या बघते. एखादीचे खांदे माझ्यासारखे वाटले की चार पावलं तिच्यामागं जाते, आणि परत येते."

ते खांदे कोरून त्यानं नाव कमावलं होतं. तेच खांदे शोधत ही बाई चौदा वर्षं बाजारात फिरत होती, आणि तो घरी बसून नदीकाठचा कोबी ताजा असतो म्हणून वाखाणत होता. फिलेरोसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायला हवं होतं. तो म्हणाला, "जरा डावीकडे वळ, उजेड येऊ दे."

ती वळली.

ठसा झाला. ठशात सगळं उलटं कोरावं लागतं, उजवं ते डावं, अक्षरंही उलटी, पण फिलेरोसचे हात असल्या कामात चुकत नव्हते. अँफियोनं मेणातली छाप उजेडात धरली आणि या खेपेला त्याचे ओठ पुढं आले नाहीत.

"ही आई आहे," तो हळू आवाजात म्हणाला. मग नेहमीच्या आवाजात ओरडला, "या रे सगळे, बघा. मूल असं असतं. तोंडसुद्धा दाखवलं नाही पठ्ठ्यानं, आणि तरी रडू येतंय." त्यानं फिलेरोसच्या पाठीवर थाप मारली. "कुठून सुचलं तुला हे, गड्या?"

पहिली चकती ऐरणीवर ठेवली गेली, घण पडला, आणि पिवळीधमक लेकुरवाळी बाहेर आली. अँफियोनं ती फिलेरोसच्या तळहातावर ठेवली. अजून गरम होती. बाईच्या भोवती अक्षरांत तिचं बिरुद झळकत होतं, आणि मूठ त्या नखाएवढ्या सोन्यातही चुणीला घट्ट धरून होती. लोक वाहवा करत होते. फिलेरोसला वाटलं, आता इथं जमीन फाटली तर बरं होईल.

"अँफियो," तो म्हणाला, "माझी तिसरी मुलगी झाली त्या दिवशी तू आला होतास. आठवतं?"

अँफियोनं कपाळाला आठ्या घातल्या. त्याला खरोखरच आठवायचं होतं. "तिसरी? तुला दोनच ना?" मग त्याचा चेहरा उजळला. "हां, हां. अंजिरं होती बघ त्या दिवशी. काय गोड अंजिरं. कुठून आणली होतीस रे?"

तो खोटं बोलत नव्हता. त्या टवाळीचं त्याच्या डोक्यात नावनिशाण नव्हतं. ज्या चार लोकांच्या हसण्याला भिऊन फिलेरोसनं पोटची पोर टोपलीत जाऊ दिली, त्यांना अंजिरं तेवढी आठवत होती. दोष अँफियोवर ढकलायची एक फट त्यानं मनात इतकी वर्षं राखून ठेवली होती. तीही बुजली. विनोद त्याचा होता, हात याचे होते. नाणं परत देऊन तो घरी निघाला.

वर आला तेव्हा दार उघडं होतं. खोली झाडलेली होती. मुलगी जमिनीवर होती. खाली चटई नाही, घोंगडी नाही, नुसत्या फरशीवर, मधोमध, पाय झाडत. थालुसा भिंतीला टेकून उभी होती आणि कोबीची टोपली तिच्या हाताशी होती.

"झालं का काम?"

"झालं."

"मग सांग."

त्यानं घसा साफ केला. "असं घाईनं नको. आपण नीट करू या. दाराला माळ लावू, लोकांना बोलावू. अँफियोला बोलावतो, त्या दिवशीचे सगळे बोलावतो. त्यांच्या देखत उचलतो हिला. बघू दे त्यांना."

"चार लोकांच्या देखत टाकलीस, म्हणून चार लोकांच्या देखत उचलायची?" थालुसा म्हणाली. "लोक कशाला हवेत तुला? मी आहे ना इथं. माझ्या देखत उचल."

मुलगी कुरकुरायला लागली. खाली प्रिमिल्ला कुणावर तरी खेकसत होती, रस्त्यावर फेरीवाला मटार घेऊन चालला होता, कुणाचंही या खोलीकडे लक्ष नव्हतं. फिलेरोसला कळलं की हसणारं कुणी नाही, आणि तरीही लाज आहे तशीच आहे. उलट वाढलीच आहे, कारण आता ती ज्याच्या माथी मारावी असं दुसरं कुणी उरलेलं नाही.

तो वाकला. गुडघे कडकडले. एक हात पाठीखाली, दुसऱ्याची बोटं पसरून मानेखाली, चार दिवस बघून बघून पाठ झालं होतं तसं. मुलगी टाकसाळीतल्या घणापेक्षाही हलकी होती. तिला आंबट दुधाचा वास येत होता. त्यानं तिला खांद्याशी घेतलं, आणि तिनं त्याची चुणी मुठीत धरली.

त्यानं थालुसाकडे बघितलं. काय वाटलं होतं त्याला? ती रडेल, जवळ येईल, झालं गेलं म्हणेल? ती टोपली उचलून कोपऱ्यात ठेवत होती. ठेवून वळली आणि शांतपणे, जराही न रागावता, म्हणाली, "त्या दिवशीही एवढंच वाकायचं होतं."

आणि चुलीकडे गेली.

फिलेरोस खोलीच्या मधोमध उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक वाहत होतं, पन्नाशी उलटलेल्या माणसानं कुणाला दाखवू नये असं तोंड झालं होतं. ते झाकावंसं वाटत होतं, पण दोन्ही हात गुंतले होते.